छपरावरील व अंगणातील पाऊसपाण्याचा अंदाज

छप्पर, गच्ची किंवा अंगण यांवर पडणाऱ्या पावसापैकी किती पाणी साठवायला अथवा जमिनीत मुरवायला हाती येईल, हे आधी काढण्याची रीत. हौद केवढा बांधावा, पन्हळ किती रुंद घ्यावी, विहिरीकडे किती पाणी वळवता येईल, हे या अंदाजावरून ठरते. गणित साध्या गुणाकाराचे आहे. परंतु पडणारे पाणी आणि वापरता येणारे पाणी यांतली तूट टप्प्याटप्प्याने वजा केली नाही, तर आकडा फसवा ठरतो.

मूळ सूत्र : १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. म्हणून

पाणी (लिटर) = क्षेत्रफळ (चौ. मी.) × पाऊस (मिमी) × अपधाव गुणांक.

अपधाव म्हणजे पृष्ठभागावरून वाहून येणारे पाणी. पडलेल्या पावसाशी असलेले त्याचे प्रमाण म्हणजे अपधाव गुणांक. १,००० चौ. फूट म्हणजे सुमारे ९३ चौ. मी. आणि १ गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौ. मी. होतात. गुंठाभर जागेवर १ मिमी पावसाचे साधारण १०० लिटर पाणी पडते, हे प्रमाण तोंडी हिशेबाला सोयीचे आहे.

क्षेत्रफळ : उतरत्या छपराचे क्षेत्रफळ कौलांवरून किंवा पत्र्यांवरून मोजत नाहीत, छपराने जमिनीवर झाकलेली आडवी जागा मोजतात. ३० अंशांच्या उताराचे पाखे उतारावरून मोजल्यास क्षेत्रफळ सुमारे १५ टक्के जास्त भरते आणि पाण्याचा अंदाजही तितकाच फुगतो. माप भिंतीपासून न घेता पागोळ्या जिथे पडतात तिथपर्यंत घ्यावे. ज्या पाख्याला पन्हळ नाही, तो हिशेबात धरू नये.

पाऊस : किमान ३० वर्षांच्या नोंदींची सरासरी हा पाया मानतात. भारतीय हवामान खात्याची पर्जन्यमापके सकाळी ८.३० वाजता आधीच्या २४ तासांचा पाऊस नोंदवतात. महाराष्ट्रात महसूल मंडळांच्या पातळीवरील स्वयंचलित हवामान केंद्रांच्या नोंदीही उपयोगी पडतात. केंद्र जवळचे आणि डोंगराच्या त्याच बाजूचे असावे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेला घाट उतरताच वाईत तो १,००० मिमीच्याही आत येतो. जिल्ह्याची सरासरी अशा ठिकाणी निरुपयोगी असते.

पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाऊस वर्षागणिक फार बदलतो. त्यामुळे पिण्याच्या पाण्यासाठी सरासरीऐवजी ७५ टक्के भरवशाचा पाऊस धरणे शहाणपणाचे. २० वर्षांपैकी १५ वर्षे निदान जेवढा पाऊस झाला, तो हा आकडा. अवर्षणाच्या वर्षीच साठ्याची खरी गरज पडते, म्हणून अंदाज त्या वर्षाला धरून असावा.

अपधाव गुणांक : पृष्ठभाग ओला होण्यात, शोषणात, बाष्पीभवनात आणि शिंतोड्यांत काही पाणी जाते. कौलारू छपरासाठी ०.८ ते ०.९, पन्हळी पत्र्यासाठी ०.७ ते ०.९, सिमेंटच्या अंगणासाठी ०.६ ते ०.८ आणि विटांच्या फरसबंदीसाठी ०.५ ते ०.६ गुणांक सामान्यतः वापरतात. मंद उताराच्या मातीच्या जमिनीसाठी तो शून्य ते ०.३ इतका खाली येतो. जुनी, शेवाळलेली कौले किंवा सांधे निखळलेली पन्हळ असल्यास खालचा आकडा घ्यावा.

अंगणात एकच गुणांक लागू पडत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि जूनचे पहिले पाऊस गिळून टाकते. तीच माती भिजून फुगल्यावर ऑगस्टमध्ये पाणी वाहू देते. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत बरेच पाणी मुरते. म्हणून अंगणाचे तुकडे पाडून प्रत्येकाचे प्रभावी क्षेत्र काढतात. गुंठाभर अंगणात ४० चौ. मी. सिमेंट (गुणांक ०.७) आणि ६० चौ. मी. माती (०.२) असेल, तर प्रभावी क्षेत्र २८ + १२ = ४० चौ. मी. होते, म्हणजे दर मिलिमीटरला ४० लिटर. अंगणाचे पाणी गढूळ असते. ते गाळून विहीर किंवा कूपनलिकेच्या पुनर्भरणासाठी वापरणे योग्य.

पहिल्या पाण्याची वजावट : धूळ, पालापाचोळा व पक्ष्यांची विष्ठा वाहून नेणारे सुरुवातीचे पाणी हौदात घेत नाहीत. प्रत्येक उघडिपीनंतरचा निदान पहिला १ मिमी पाऊस सोडून द्यावा.

उदाहरण : पागोळ्यांपर्यंत १२ मी. × ८ मी. असे, म्हणजे ९६ चौ. मी. व्यापणारे कौलारू घर आणि पुण्याच्या आसपास पडतो तसा वर्षाला ७०० मिमी पाऊस घेऊ. छपरावर ६७,२०० लिटर पाणी पडते, ०.८ गुणांकाने ते ५३,७६० लिटर उरते. ३० वेळा १ मिमी पाणी सोडल्यास आणखी २,८८० लिटर जातात व सुमारे ५०,९०० लिटर हाती येतात. चार माणसांच्या घराला पिण्यास व स्वयंपाकास माणशी १० लिटर धरल्यास आठ कोरड्या महिन्यांत ९,६०० लिटर लागतात. तेवढे पाणी हे छप्पर सहज पुरवते. माणशी ५५ लिटरप्रमाणे सगळा घरखर्च धरला, तर वर्षाची गरज ८०,३०० लिटर होते आणि छप्पर अपुरे पडते.

साठवणीची मर्यादा : वर्षाचे एकूण पाणी आणि साठवता येणारे पाणी सारखे नसते. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. याच घराच्या छपरावरून तिथे २,३०,००० लिटर पाणी येऊ शकेल. पण १०,००० लिटरचा हौद १३० मिमी पावसातच भरतो आणि पुढचे पाणी सांडव्याने जाते. म्हणून महिन्यावार, शक्यतो दिवसावार ताळेबंद मांडतात : आदल्या शिलकीत आलेले पाणी मिळवायचे, वापर वजा करायचा आणि हौदाच्या मापापेक्षा जास्तीचे पाणी सोडून द्यायचे. मे अखेर शिल्लक शून्याखाली न नेणारा सर्वांत लहान हौद हा योग्य हौद.

पावसाचा जोर : पन्हळ व नळ वार्षिक पावसावरून न ठरवता पावसाच्या जोरावरून ठरवतात. तासाला १०० मिमी वेगाने पाऊस पडल्यास ९६ चौ. मी. छपरावर मिनिटाला १६० लिटर पाणी पडते. अरुंद पन्हळीवरून ते उसळून गेले, तर कागदावरचा गुणांक प्रत्यक्षात उतरत नाही. मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. अशा पावसाला सुरक्षितपणे वाट काढून देणे एवढेच व्यवस्थेकडून अपेक्षित असते.

पडताळणी : गुणांक पुस्तकातून घेतला, तरी तो घरी तपासता येतो. उघड्यावर सरळ कडांचे भांडे ठेवून त्यातल्या पाण्याची उंची मिमीमध्ये मोजावी आणि त्याच पावसात हौदाची पातळी किती चढली ते पाहावे. वरच्या उदाहरणातल्या छपरावर १३ मिमी पाऊस पडून २ मी. × २ मी. तळाच्या हौदात पाणी २५ सेंमी चढले, तर १,२४८ लिटरपैकी १,००० लिटर आले, म्हणजे गुणांक ०.८. गुणांक यापेक्षा बराच कमी निघाल्यास गळकी पन्हळ, तुंबलेली जाळी किंवा चुकीचे मोजलेले क्षेत्रफळ यांपैकी दोष शोधावा. एका पावसाळ्यात अशा आठ-दहा नोंदी घेतल्या, की त्या घरापुरता भरवशाचा गुणांक मिळतो.