इंदूर संस्थानची ड्यूसेनबर्ग : एका मोटारीचा इतिहास आणि मालकीहक्काचा प्रश्न

प्रस्तावना :
संस्थानी इतिहासाच्या अभ्यासात लढाया, तह व राजवाडे यांना जे स्थान मिळाले, ते जंगम वस्तूंना मिळाले नाही. वास्तविक अशा वस्तू तत्कालीन सत्ता, संपत्ती व अभिरुची यांच्या साक्षीदार असतात. नीरेकाठच्या होळ गावाचे नाव लावणाऱ्या होळकर घराण्यातील महाराजा यशवंतराव होळकर दुसरे (१९०८-१९६१) यांची ड्यूसेनबर्ग मोटार या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

मोटारीची जडणघडण :
अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने 'मॉडेल जे' ही मोटार १९२८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क येथे सादर केली. तिच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती २६५ अश्वशक्ती सांगितली जाई. १९३२ मध्ये आलेल्या सुपरचार्जरयुक्त 'एसजे' प्रकारात ती ३२० पर्यंत गेली. कारखाना मुख्यतः इंजिनासह चॅसी विके. वरची बॉडी ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घेई. इंदूरच्या 'एसजे'ची दोन आसनी, उघडी बॉडी लंडनच्या जे. गर्नी नटिंग यांच्याकडे १९३० च्या दशकाच्या मध्यास तयार झाली. पुढे १९३७ मध्ये कंपनीच बंद पडली.

मालकी व स्थित्यंतर :
वडिलांच्या पदत्यागानंतर १९२६ मध्ये गादीवर आलेल्या यशवंतरावांनी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग राजवाडा उभारला आणि शिल्पकार ब्रांकुसी यांची शिल्पे घेतली. मोटार ही याच आधुनिक अभिरुचीचा भाग होय. मात्र या हौसेमागील संपत्ती संस्थानच्या महसुलाशी निगडित होती, हे विसरता येत नाही.

१९४८ मध्ये इंदूर मध्यभारतात विलीन झाले. त्या वेळी संस्थानिकांची खासगी मालमत्ता व राज्याची मालमत्ता वेगळी करण्यात आली. राज्याची ती जनतेकडे आली. खासगी वस्तूंना मात्र बाजाराची वाट मोकळी राहिली. ड्यूसेनबर्ग अमेरिकन संग्राहकांकडे गेली. ब्रांकुसींचे पांढऱ्या व काळ्या संगमरवरातील दोन पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहाने घेतले. माणिकबागेतील फर्निचरचा १९८० मध्ये मोनॅको येथे लिलाव झाला. राजवाड्यात केंद्रीय महसूल खात्याचे कार्यालय आले.

निष्कर्ष :
खासगी मालमत्ता विकण्याचा मालकाचा अधिकार नाकारता येत नाही. तथापि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात अशा वस्तूंसाठी सामान्यतः शंभर वर्षांची अट असल्याने, १९३० च्या दशकातील वस्तू वारसा ठरण्याआधीच देशाबाहेर गेल्या. मालकी कोणाची, हे ठरले; स्मृती कोणाची, हे ठरले नाही. वऱ्हाडातील जुन्या वाड्यांमधील दमण्या, बग्ग्या व मोटारी यांची छायाचित्रांसह नोंद महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी वेळीच घेतल्यास, वस्तू गेली तरी तिचा इतिहास येथे उरेल.