दुकानातली मासळी आणि घरातली चूल



आज इकडे येताना चौकातल्या वड्याच्या गाडीपाशी मी क्षणभर थांबलो. केवळ ऐकण्यासाठी थांबलो असे म्हणेन, तर ते सर्वस्वी खरे होणार नाही! गाडीभोवतीचा प्रत्येक जण भाव वाढल्याची तक्रार करीत होता, आणि तक्रार करता करताच वड्यासाठी हात पुढे करीत होता. भाव चढला की गिऱ्हाईक घटते, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ. मग ही गर्दी का घटत नाही? ‘जिभेचे चोचले’ हे उत्तर आपल्या ओठांवर तयारच असते. ते पुरेसे नाही असे मला वाटते, आणि का नाही हे पाहण्यासाठी मी आपल्याला इंग्लंडात नेणार आहे. कारण तयार खाण्यासाठी लागलेली रांग आणि त्या रांगेवर शहाण्यांनी केलेला राग, या दोहोंचा इतिहास तिथे दीडशे वर्षांचा आहे.

‘फिश अँड चिप्स’ म्हणजे पिठात बुडवून तळलेला मासा आणि बटाट्याचे जाड तळलेले तुकडे. वर मीठ, व्हिनेगर. आणि पुष्कळ वर्षे हे सारे वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून मिळत असे. बटाट्याला माशाची जोड प्रथम कोणी दिली, यावर तिकडे वाद आहे. लंडनकर म्हणतात, १८६० च्या सुमारास जोसेफ मॅलिन याने. उत्तरेकडचे म्हणतात, १८६३ मध्ये मॉस्ली गावच्या जॉन लीसने. हा वाद मिटला नाही तरी आपले काही अडत नाही. परंतु मॉस्ली हे कापडगिरण्यांचे गाव होते, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. १८६३ म्हणजे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरला कापूस मिळेनासा झालेला काळ. त्याच टंचाईने मुंबईचे कापूसव्यापारी गबर झाले आणि लँकेशायरचा विणकर उपाशी राहिला.

पुढे गिरण्या पुन्हा धडधडू लागल्या. १८८० नंतर वाफेवर चालणाऱ्या मासेमारी बोटी दूरच्या समुद्रात जाऊ लागल्या. बर्फ आणि आगगाडी यांच्या साह्याने ग्रिम्सबी व हल या बंदरांतली मासळी आतल्या गावांत ताजी पोचू लागली. पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर देशात अशी सुमारे २५,००० दुकाने होती. एका पेनीचा मासा नि अर्ध्या पेनीचे बटाटे, हा त्यांचा रूढ भाव.

हे खाणार कोण? लँकेशायरात मागावर उभ्या राहणाऱ्यांत बायका फार, आणि त्यांत लग्न झालेल्याही पुष्कळ. दिवसभर गिरणीत राबून बाई घरी येते तो घर गार, शेगडी गार, पोरे भुकेली. कोळसा पेटवायचा, तो धगायची वाट पाहायची, चरबी वितळवायची, बटाटे सोलायचे, आणि मग भांडी घासायची. कोपऱ्यावरच्या दुकानात मात्र मोठी कढई पेटलेलीच आहे, आणि तिचे जळण शंभर घरांत वाटले गेले आहे. दीड पेनीत ती बाई मासा विकत घेत होतीच. पण त्याबरोबर कोळसा आणि तासभराची उसंतही विकत घेत होती.

समाजसुधारकांना हा हिशेब दिसला नाही. आळशी बायका, नासलेली पचनशक्ती, उधळलेला पैसा, असे ताशेरे झडले. मासे तळणे हा कित्येक ठिकाणी कायद्याने उपद्रवी धंदा ठरला होता. गरिबाने ओटची लापशी खावी, ती स्वस्त आणि पौष्टिक, हा उपदेश तर अखंड चालू होता. १९१३ मध्ये मॉड पेंबर रीव्ह्ज या बाईंनी लंडनच्या लँबेथ भागातल्या आठवड्याला पौंडभर मिळकतीच्या घरांची पाहणी प्रसिद्ध केली आणि या लापशीचा खरा खर्च मांडला. घरात भांडे एकच, तेही जुने. त्यात लापशी करपते. ती शिजेपर्यंत बसायला बाईला वेळ नाही. जळणाला पैसे पडतात, आणि दूधसाखरेवाचून मुले ती तोंडात धरीत नाहीत. माझ्या मते शंभर उपदेशांपेक्षा ही एक पाहणी मोलाची आहे.

मग युद्ध आले. बोटी सुरुंग काढण्यासाठी सरकारने घेतल्या, मासळी कडाडली, पेनीचा मासा इतिहासजमा झाला. रांगा राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात मांस, लोणी, साखर शिधापत्रिकेवर गेली. मासळीला ती अट कधीच नव्हती, म्हणून रांगा आणखी वाढल्या. दोन युद्धांच्या मधल्या मंदीत बेकारही तिथे का जातो, हे जॉर्ज ऑर्वेलने १९३७ मध्ये सांगितले: ज्याचे सारे आयुष्य बेचव झाले आहे, त्याला नुसते पौष्टिक अन्न नको असते, काहीतरी चमचमीत हवे असते. हे चोचले नव्हेत.

आपल्या गिरणगावातही चुलीचाच प्रश्न होता, पण वेगळ्या रीतीने. इथे कोकणातून, घाटावरून पुरुष एकटा आला. त्याची चूल गावी राहिली. त्याला खानावळवाल्या बाईंनी जगवले, आणि १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर वड्याला पावाची जोड मिळाली.

आता एक अडचण प्रामाणिकपणे मांडतो. इंग्लंडात घरोघर गॅस आला, विजेची शेगडी आली. चूल पेटविण्याचे कष्ट सरले. तरी रांग का? आइसलंडने १९७५ मध्ये आपली सागरी हद्द २०० मैलांवर नेली आणि हल-ग्रिम्सबीच्या दूरच्या मासेमारीला उतरती कळा लागली. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने सूर्यफुलाचे तेल महागले, रशियन मासळीवर ब्रिटनने ३५ टक्के जादा जकात बसवली. २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत एका पुडीचा भाव निम्म्याहून अधिक वाढून दहा पौंडांच्या जवळ गेला. गिऱ्हाईक अगदीच घटले नाही असे नाही. एके काळी ३५,००० वर गेलेली दुकाने आता १०,००० च्या आसपास उरली आहेत. पण जे येतात ते हिशेबाने येतात. हॉटेलात चौघांनी बसून जेवायचे, तर त्याहून कितीतरी जास्त मोजावे लागतात. शिवाय नवराबायको दोघेही कामावरून परततात, तेव्हा शेगडी एका खटक्यात पेटते खरी, पण तिच्यापुढे उभे राहायचे कोणी, हा प्रश्न मॉस्लीच्या विणकरणीच्या वेळी होता तसाच आहे. शुक्रवारी संध्याकाळी तो विशेष जाणवतो, आणि शुक्रवारीच तिकडच्या दुकानांत रांग सर्वांत लांब असते.