घर आणि सार्वजनिक गटार यांमधील दुवा : कॉटन ग्रीन परिसराच्या संदर्भात

मुंबईच्या मलनिःसारणाचा इतिहास सामान्यतः मोठ्या बांधकामांच्या अनुरोधाने लिहिला जातो. मुख्य गटार, वरळीच्या लव्हग्रोव्ह येथील उदंचन केंद्र, समुद्रातील विसर्ग हे त्यातील ठरलेले टप्पे होत. परंतु रस्त्याखालील गटार कितीही उत्तम असले, तरी घरातील मोरी व शौचकूप त्यास जोडले गेल्याखेरीज रहिवाशास त्याचा उपयोग नाही. ही जोडणी करावयाची कोणी, आणि तिचा खर्च सोसावयाचा कोणी, हा प्रश्न स्थापत्याइतकाच मालमत्तेच्या हक्काचाही आहे.

शहरास पाणी आधी मिळाले, निचरा मागाहून आला. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नगरात खेळू लागले. तुळशीचे १८७९ मध्ये व तानसाचे १८९२ मध्ये त्यास येऊन मिळाले. आलेले पाणी वापरून झाल्यावर कोठे तरी जाणे प्राप्त होते. ते मोऱ्यांतून घरगल्लीत उतरे. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींस भिडतात तेथील ही अरुंद बोळ म्हणजे खाजगी घर आणि सार्वजनिक व्यवस्था यांमधील खरी सीमा होती. वरून सांडपाणी पडे आणि खालून टोपलीच्या शौचकूपांतील मैला उचलण्यासाठी सफाई कामगार ये-जा करीत. या सेवेसाठी घेतल्या जाणाऱ्या कराचे नावच 'हलालखोर कर' असे होते. जेथे नळ जोडला गेला नाही, तेथे नळाचे काम विशिष्ट जातींत जन्मलेल्या माणसांकडून करवून घेतले गेले, ही गोष्ट या इतिहासात दृष्टीआड करता येत नाही.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने या संबंधास निश्चित रूप दिले. मालकास वा भोगवटादारास आपली मोरी पालिकेच्या गटारात सोडण्याचा हक्क मिळाला. मात्र पूर्वपरवानगी घेणे व घातलेल्या अटी पाळणे आवश्यक ठरले. याच्या उलट बाजूने, निचऱ्याची पुरेशी सोय नसलेली मिळकत पालिकेच्या गटारापासून शंभर फुटांच्या आत असेल, तर लेखी नोटीस देऊन जोडणी करवून घेण्याचा अधिकार कलम २३१ अन्वये आयुक्तांस प्राप्त झाला. शंभर फुटांच्या या मर्यादेमागील तर्क स्पष्ट आहे. सार्वजनिक गटार दाराशी आल्यावर त्याचा लाभ न घेणे ही मालकाच्या मर्जीची बाब राहत नाही. याच अधिनियमात 'मालक' या संज्ञेचा अर्थ मिळकतीचे भाडे घेणारा असा केलेला आहे. त्यामुळे कर्तव्य भाडे घेणाऱ्याकडे गेले. चाळीतील भाडेकरू दुर्गंधीचा धनी राहिला खरा, परंतु जोडणीसंबंधीचा निर्णय सामान्यतः त्याच्या हाती नव्हता.

१८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला, तेव्हा अधिकाऱ्यांची पहिली धाव गटारांकडे होती. समुद्राचे पाणी व जंतुनाशके यांनी ती धुऊन काढण्यात आली. रोगाच्या प्रसारात उंदीर व पिसवा यांचे स्थान पुढे सिद्ध झाले. तरी दाट वस्ती व सदोष निचरा यांवर जे लक्ष वेधले गेले, त्यातूनच १८९८ मध्ये सुधार विश्वस्त मंडळाची स्थापना झाली.

कॉटन ग्रीनची भूमी या सर्वांहून वेगळी आहे. कापसाचा बाजार कोटातून १८४४ मध्ये कुलाब्यास गेला आणि १९२० च्या दशकात माझगाव-शिवडीच्या भरावावर आला. १८७३ साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टने हा भराव १९०८ ते १९१२ या काळात घातला. खाडीत भर घालून केलेल्या सपाट जमिनीस नैसर्गिक उतार अल्प असतो, आणि भरतीच्या वेळी समुद्राकडील मुखांतून पाणी बाहेर पडण्यास अडथळा होतो. अशा भूमीवर घरमोरीचा उतार राखणे हेच कठीण काम होय. त्यात जमीन एका सार्वजनिक संस्थेची आणि शहराची गटारे दुसरीची, अशी विभागणी झाली. गोदामे व इमारती भाडेपट्ट्याने दिलेल्या असल्यास, वर सांगितलेल्या व्याख्येनुसार मालक कोण हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो.

जवळच शिवडी येथे १९२० च्या दशकात विकास खात्याने बी. डी. डी. चाळी उभारल्या. तळमजला व वर तीन मजले, सुमारे १६० चौरस फुटांच्या ८० खोल्या आणि प्रत्येक मजल्यावर सामायिक शौचकूप, अशी त्यांची सर्वसाधारण रचना होती. येथे टोपलीची जागा नळाने घेतली. परंतु खोलीपर्यंत तो नळ पोहोचला नाही. जोडणी इमारतीस मिळाली, कुटुंबास मिळाली नाही. खाजगी चाळींत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी बांधली. भाडेकरूंस त्यायोगे मोठे संरक्षण लाभले; तथापि जुने नळ बदलण्यातील मालकाचे स्वारस्यही त्याबरोबर ओसरले. १९६९ च्या कायद्यान्वये दुरुस्ती मंडळ स्थापून शासनास या कामात उतरावे लागले.

वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास पुढे म्हाडाकडे सोपविण्यात आला. शिवडीचा प्रश्न मात्र जमीन पोर्ट ट्रस्टची असल्यामुळे मागे राहिला. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करविण्यास व त्यावर अवलंबून असलेल्या शौचकूपांस मनाई केली. कायद्याचे हे पाऊल १८८८ च्या तरतुदींच्या पुढचे आहे, कारण त्यात मिळकतीबरोबरच माणसाच्या प्रतिष्ठेचा विचार आहे. तरीही शिवडीचे उदाहरण असे दर्शविते की, घराखालील जमिनीचा हक्क निश्चित झाल्यावाचून घरातील सोयीचा हक्कही अपुराच राहतो. नगरेतिहासाच्या अभ्यासकास गटारांच्या नकाशाइतकेच भाडेपट्टे व भाडेपावत्या यांचे वाचन म्हणूनच अगत्याचे ठरते.