अंधाचा मार्गदर्शक श्वान आणि आगगाडी

महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वांतील शेवटचा प्रसंग वाचकांस ठाऊकच आहे. इंद्र रथ घेऊन येतो, धर्मराजास वर चढावयास सांगतो, आणि पाठोपाठ आलेल्या कुत्र्याला मात्र स्वर्गांत जागा नाहीं असें बजावतो. वाहन सिद्ध आहे, प्रवाशाचा अधिकार निर्विवाद आहे. वाद काय तो सोबत्याविषयीं. तिसांवर वर्षें हा भाग शिकवितांना मला तो निव्वळ धर्मपरीक्षेचा वाटत असे. पुढें अंध मनुष्य व त्याचा शिकविलेला कुत्रा यांच्या रेल्वेप्रवासाचा वृत्तांत वाचनांत आला, तेव्हां तोच वाद डब्याच्या दाराशीं पुन्हां उभा राहिलेला दिसला. अमेरिकेंत तो कसा मिटला, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

कुत्र्यानें अंधाला वाट दाखविणें ही कल्पना नवी नव्हे. व्हिएन्ना येथील अंधशाळेचा संस्थापक योहान क्लाइन यानें 1819 च्या आपल्या ग्रंथांत कुत्र्याच्या पट्ट्यास ताठ दांडी जोडण्याची युक्ति दिली आहे. ही दांडी महत्त्वाची. दोरीनें कुत्रा ओढतो एवढेंच कळतें. दांडीनें त्याचें वळणें आणि थांबणें हातास कळतें. पद्धतशीर शिक्षण मात्र पहिल्या महायुद्धांत सुरू झालें. दृष्टि गमावलेल्या सैनिकांकरितां जर्मनींत ओल्डेनबुर्ग येथें 1916 सालीं पहिली शाळा निघाली, व पॉट्सडाम येथें 1923 सालीं दुसरी. स्वित्झर्लंडांत राहून कुत्रे शिकविणाऱ्या डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनीं पॉट्सडामची शाळा पाहून लिहिलेला लेख 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या पत्रांत 5 नोव्हेंबर 1927 रोजीं प्रसिद्ध झाला. टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणानें तो ऐकून बाईंना पत्र घातलें, व पुढील वर्षीं तो त्यांच्याकडे गेला.

जातांना तो एकटाच होता. एका वाहतूक कंपनीच्या हवालीं त्याला पार्सलाप्रमाणें करण्यांत आलें, व आगबोटीवर तो बहुतेक वेळ कोठडींत बंद असे. येतांना त्याच्याबरोबर बडी नांवाची कुत्री होती आणि तो मोकळा होता. हा वृत्तांत त्याच्या 1957 सालच्या आत्मकथनांतला, म्हणजे प्रसंगानंतर एकोणतीस वर्षांनीं लिहिलेला. तेव्हां त्यांतील संवाद अक्षरशः प्रमाण मानूं नयेत. परंतु 11 जून 1928 रोजीं न्यूयॉर्कच्या धक्क्यालगतचा वाहता रस्ता त्यानें बडीच्या आधारें ओलांडला, तो वार्ताहरांसमक्ष. त्याला समकालीन साक्ष आहे. 1929 च्या जानेवारींत या दोघांच्या उद्योगांतून 'द सीइंग आय' ही संस्था निघाली.

रेल्वेच्या दरपत्रकास तीनच जाति ठाऊक: उतारू, सामान आणि जनावर. कुत्रा तिसऱ्या जातींत पडे व त्याची रवानगी सामानाच्या डब्यांत होई. सामान्य कुत्र्यापुरता हा नियम मला गैर वाटत नाहीं. पण अंधाचा कुत्रा तेथें कोंडला कीं मालक प्रवासापुरता पुन्हां पार्सल झाला! फ्रँकनें हा प्रश्न चिकाटीनें लावून धरला, आणि 1935 पर्यंत अमेरिकेंतील रेल्वे कंपन्यांनीं असा कुत्रा मालकाजवळच राहूं द्यावा असे नियम केले. कंपन्यांचें मन वळलें तें बव्हंशीं कुत्र्याच्या वर्तनानें असावें. तो बांकाखालीं निमूट पडून राहतो. कोणती गाडी कोठें जाते हें त्याला कळत नाहीं; तें माणसानेंच विचारून ठरवावयाचें. फलाटाच्या कडेशीं मात्र तो थांबतो, आणि पुढें धोका असल्यास आज्ञा झाली तरी पाऊल टाकीत नाहीं. आज्ञाभंग हाच ज्याच्या शिक्षणाचा कळस, असा दुसरा सेवक माझ्या पाहण्यांत नाहीं.

संशोधकास सर्वांत मोलाचा पुरावा मात्र कायद्याच्या शब्दांत आहे. 1887 च्या आंतरराज्य वाणिज्य कायद्यानें उतारूंच्या भाड्यांत पक्षपात करण्यास बंदी केली होती. तिचे अपवाद बाविसाव्या कलमांत येतात. अंध मनुष्य व त्याचा वाटाड्या यांस एकाच माणसाच्या भाड्यांत नेण्यास आडकाठी नाहीं, असा एक अपवाद तेथें आहे. पुढें त्यांत वाटाड्याच्या बरोबरीनें 'सीइंग आय' कुत्रा किंवा खास शिकविलेला अन्य मार्गदर्शक कुत्रा हे शब्द आले. संस्थेचें विशेषनाम कायद्यांत सामान्यनाम होऊन बसलें, ही गंमत आहेच. पण खरी गोष्ट अशी कीं, कुत्रा जनावरांच्या जातींतून निघून वाटाड्याच्या, म्हणजे माणसाच्या, पंक्तीस बसला. तथापि मीमांसकांच्या भाषेंत ही अभ्यनुज्ञा आहे, विधि नव्हे. नेलें तर दोष नाहीं, इतकाच तिचा अर्थ. अपंगांच्या हक्कांचा जो सर्वराष्ट्रीय कायदा 1990 सालीं झाला, त्यानें प्रवेशाला हक्काचें रूप दिलें. बडी 23 मे 1938 रोजींच वारली होती.

इकडे सामान्य कुत्र्यासाठीं नियम आहे तो असा: पहिल्या वर्गाचा आख्खा कूपे अथवा केबिन राखून ठेवल्यास कुत्रा जवळ नेतां येतो, एरवीं गार्डाच्या डब्यांतील पेटी. जी. आय. पी. रेल्वेचीं जुनीं दरपत्रकें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांतील कुत्र्यांविषयींचें कलम वर्षासह उतरवून मंडळाकडे धाडावें, ही विनंति.