हायब्रिड पिकअप : भरवसा किती आणि कशावर?



'हायब्रिड' हा शब्द आपल्याला नवा नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, १९६५ मध्ये एचबी-१ ही संकरित बाजरी आली, आणि खेड्यापाड्यांत लोक ज्वारीलाच 'हायब्रिड' म्हणू लागले. उत्पन्न वाढलं. पण सुरुवातीच्या संकरित बाजरीवर १९७० नंतर गोसावी रोग असा पडला की अनेकांनी धसका घेतला. म्हणून संकर ही गोष्टच खोटी ठरली का? नाही. दोष त्या संकराच्या मादी वाणात होता. पुढे रोगाला दाद न देणारे वाण निघाले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'श्रद्धा' आणि 'सबुरी' हे वाण दिले.

आज हाच शब्द गाडीला लागला आहे. पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणारी पिकअप घेणं शहाणपणाचं आहे का? बॅटरी बसली तर काय? मालाने भरलेली गाडी वाटेत बंद पडली तर काय? प्रश्न रास्त आहेत. आपल्याकडे माल वाहणाऱ्या पिकअप आज बहुतांशी डिझेलच्या, काही सीएनजीच्या आणि काही निव्वळ बॅटरीच्या आहेत. हायब्रिड पिकअपचा खरा अनुभव आहे तो अमेरिकेतला. तो आधी पाहू, मग आपल्या बांधावर येऊ.

दोन शक्ती, एक गाडी

पूर्वी घाट चढताना गाडीला जादा बैलजोडी जुंपत. घाट संपला की ती सोडत. हायब्रिडचं तत्त्व जवळपास तेच. गाडी हलताना, चढावर किंवा ओढ लागेल तिथे विजेची मोटर इंजिनाला हात देते. ब्रेक लावला की एरवी उष्णतेत वाया जाणारी शक्ती वीज होऊन बॅटरीत परत जाते. साध्या हायब्रिडला बाहेरून चार्जिंग लागत नाही. चार्जिंग लावावं लागतं तो प्रकार वेगळा, त्याला 'प्लग-इन हायब्रिड' म्हणतात. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

जुने प्रयत्न

कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्ना येथे लोनर यांच्या कारखान्यात फर्डिनांड पोर्श यांनी १९०० च्या सुमारास इंजिन आणि विजेच्या मोटरी एकत्र बसवलेली गाडी तयार केली. अमेरिकेत शिकागोच्या वुड्स कंपनीने १९१६-१७ मध्ये 'ड्युअल पॉवर' नावाची मोटार विकायला काढली. ती महाग पडली आणि साध्या पेट्रोल गाड्यांपुढे टिकली नाही. तत्त्व बरोबर असलं तरी किंमत आणि सोय जमली नाही, तर यंत्र बाजारात उभं राहत नाही.

खरा पाया घातला तो जपानमध्ये. डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाची प्रायस ही मोटार विक्रीला आली. तेव्हाही लोकांची पहिली शंका बॅटरीचीच होती. त्या शंकेचं उत्तर मिळालं टॅक्सीवाल्यांकडून. २००५ पासून न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांत फोर्डच्या एस्केप हायब्रिड गाड्या टॅक्सी म्हणून रात्रंदिवस धावल्या. सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही गाड्यांनी ३ लाख मैल, म्हणजे जवळपास ४ लाख ८० हजार किलोमीटर ओलांडले.

बॅटरी इतकी कशी टिकली? गाडीतला संगणक तिला कधी पोटभर खाऊ देत नाही आणि कधी उपाशीही ठेवत नाही. ती मधल्या पातळीवरच राहते, म्हणून कमी झिजते.

पिकअपची पाळी

मोटारीत जमलं, पण ओझं वाहणाऱ्या गाडीत जमेल का? जनरल मोटर्सने २००४ च्या सुमारास शेव्हरोले सिल्व्हराडोचं हायब्रिड रूप आणलं. त्यात ४२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी होती. गाडी थांबली की इंजिन बंद होई, पाय उचलला की सुरू होई, पण मोटर चाकं ओढत नसे. कामाच्या जागी अवजारं चालवायला विजेचे सॉकेट मात्र दिलेले होते. २००९ मध्ये त्याच कंपनीने अधिक ताकदीचा हायब्रिड पिकअप आणला. त्याला गिऱ्हाईक थोडं मिळालं आणि २०१३ नंतर तो बंद झाला. ज्यांनी तो घेतला त्यांच्याकडे थोड्या संख्येने विकलेली गाडी राहिली. अशा गाडीचे सुटे भाग आणि जाणकार मिस्त्री वर्षागणिक दुर्मीळ होत जातात, हे जुना ट्रॅक्टर सांभाळणाऱ्याला सांगायला नको.

पुढे २०२० मध्ये फोर्डने एफ-१५० चा हायब्रिड जाहीर केला. त्यातून ७.२ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर घेता येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यात बर्फाच्या वादळाने वीज गेली, तेव्हा काही मालकांनी घरातले दिवे आणि हीटर याच गाडीवर चालवले. त्याच वर्षी फोर्डची लहान पिकअप मॅव्हरिक आली. तिचं हायब्रिड रूप सुमारे ६८० किलो ओझं नेई आणि सुरुवातीची किंमत २० हजार डॉलरच्या आत होती. मागणी इतकी आली की जानेवारी २०२२ मध्ये कंपनीला नव्या ऑर्डरी थांबवाव्या लागल्या.

दुखणं निघालं कुठे?

आता मुद्द्याची गोष्ट. लोक भीत होते बॅटरीला. जुलै २०२२ मध्ये फोर्डने मॅव्हरिक, एस्केप आणि लिंकन कॉर्सेअर या हायब्रिड गाड्या मिळून एक लाखाच्या वर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. कारण काय? २.५ लिटरचं पेट्रोल इंजिन फुटलं तर तेल आणि वाफ तापलेल्या भागांवर जाऊन आग लागण्याचा धोका होता. दोष निघाला तो जुन्या, ओळखीच्या इंजिनात.

दुसरं उदाहरण टोयोटाच्या टंड्रा पिकअपचं. कारखान्यात राहिलेल्या धातूच्या कणांमुळे इंजिन बंद पडू शकतं, म्हणून मे २०२४ मध्ये सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्यात हायब्रिड टंड्रा नव्हती. इंजिन तेच, पण ते बंद पडलं तरी मोटरवर गाडी थोडी पुढे जाऊ शकते, म्हणून ती सुरक्षेच्या व्याख्येत बसली नाही. यादीत नाव नाही म्हणजे दोषच नाही, असं समजू नका.

तिसरं उदाहरण विजेच्या बाजूचं. टोयोटाच्या आरएव्ही-४ हायब्रिडमध्ये मागच्या मोटरला जाणाऱ्या जाड केबलचा जोड गंजू लागला. हे झालं मुख्यतः थंड प्रदेशात, जिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्या कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत गाडी वापरणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी.

एकूण हिशेब काय सांगतो? अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेने २०२३ अखेर जे सर्वेक्षण छापलं, त्यात साध्या हायब्रिडमध्ये पेट्रोल गाड्यांपेक्षा २६ टक्के कमी तक्रारी निघाल्या. प्लग-इन हायब्रिडमध्ये मात्र १४६ टक्के जास्त! तेव्हा 'हायब्रिड चांगली की वाईट' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता प्रकार, कोणतं मॉडेल, कितव्या वर्षाचं, हे विचारलं पाहिजे. बाजरीच्या बाबतीतही आपण शेवटी हेच शिकलो.

पैशाचा हिशेब

उदाहरणादाखल धरा, हायब्रिड गाडी २ लाख रुपयांनी महाग आहे. तुमची गाडी वर्षाला २० हजार किलोमीटर धावते. साधी गाडी लिटरला १२ किलोमीटर देते, हायब्रिड १६ देते. वर्षाला सुमारे ४१७ लिटर इंधन वाचलं. लिटरला ९० रुपये धरले तर साडेसदतीस हजार रुपये. म्हणजे जादा पैसे फिटायला पाच वर्षांहून अधिक लागतील, आणि कर्जाचं व्याज वेगळं. त्यात तुमची गाडी गर्दीच्या गावातून न जाता भरल्या ओझ्याने सरळ हायवेवर जात असेल, तर ब्रेकमधून मिळणारी वीज कमी आणि बचतही कमी. शिवाय टोमॅटो तोडून क्रेट भरलेले असताना गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये अडकली, तर वर्षाची बचत एका खेपेत जाते. म्हणून मायलेजच्या आधी दुरुस्तीची सोय पाहावी.

घेण्यापूर्वी एवढं करा

१. नव्या मॉडेलच्या पहिल्या वर्षी उडी घालू नका. दोन हंगाम जाऊ द्या, दुसऱ्यांच्या गाड्या कशा चालतात ते पाहा.

२. बॅटरीची हमी किती वर्षं आणि किती किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल ते धरा. इंजिन, मोटर आणि इन्व्हर्टर यांची हमी वेगळी विचारा. सगळं लेखी घ्या. मालवाहतुकीला वापरली तर हमी कमी होते का, हेही विचारा.

३. हाय व्होल्टेजचं काम शिकलेला मिस्त्री तुमच्या गावापासून किती लांब आहे? गाडी टो करून न्यायचा खर्च कोणाचा?

४. बॅटरीला हवा घेणारी जाळी कुठे आहे ते दाखवून घ्या. काही गाड्यांत ती मागच्या सीटजवळ असते. धूळ आणि भुसा बसला की बॅटरी तापते. जाळी वेळोवेळी साफ करा.

५. नारिंगी रंगाच्या केबलला घरी हात लावू नका. ती जास्त दाबाची वीज वाहते.

६. जुनी गाडी घेत असाल तर कंपनीच्या केंद्रात बॅटरीची तपासणी करून तिचा कागद घ्या. कंपनीने परत बोलावलेली दुरुस्ती झाली आहे की नाही, तेही पाहा.

या सहांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर यंदा थांबा. सध्याच्या गाडीचं सर्व्हिसिंग वेळेवर करा आणि जादा पैसा ठिबकसाठी किंवा क्रेटसाठी वापरा. उत्तर मिळालं, आणि तुमच्या फेऱ्या जवळच्या गर्दीच्या बाजारपेठेच्या असल्या, तर हायब्रिडचा विचार जरूर करा.