पिशवी धुवा, टाकू नका

बाजाराला निघताना खुंटीवरची कापडी पिशवी आपण सवयीनं उचलतो. पण या पिशवीवरही एकदा संशय आला होता. आज ती गोष्ट सांगतो.

२३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी घातली. कापडी पिशव्यांना मागणी आली आणि शिलाई मशीन असलेल्या बचत गटांना काम दिसू लागलं.

बरोबर दोन वर्षांनी, २३ मार्च २०२० ला, सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला एकाच घरातले चौघे कोरोनाबाधित निघाले. दोन दिवसांत सारा देश बंद झाला. आठवडी बाजार थांबले. किराणा दुकानापुढं चुन्याचे गोल आखले, दारात दोरी आली. रेशनच्या मशीनवर आपला अंगठा घेणंही काही काळ थांबलं.

त्याच मार्चमध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सांगितलं, की हा विषाणू प्रयोगशाळेत पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत, तर प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत टिकतो. मग प्रत्येक वस्तूची भीती बसली. आपण भाजी धुतली, दुधाची पिशवीसुद्धा साबणानं पुसली. तिकडं कॅलिफोर्नियात घरची पिशवी दुकानात नको म्हणून प्लास्टिकबंदीच ६० दिवस बाजूला ठेवली. आणि जास्त वेळ टिकत होता तो प्लास्टिकवरच!

अशी भीती आपल्याकडं जुनी आहे. १८९७ च्या प्लेगात लोकांचे कपडे, अंथरुणं जाळली गेली. खंडाळा तालुक्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. पुढच्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमोंड या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं, की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळं पसरतो.

कोरोनाचंही खरं कारण पुढं उमगलं. तो मुख्यतः श्वासावाटे, कोंदट जागेत पसरतो. वस्तूला हात लागून लागण होण्याचा धोका साधारण दहा हजारांत एकापेक्षा कमी, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं. म्हणजे दुकानातलं अंतर आणि तोंडावरचा मास्क कामाचा होता. पिशवीचा दोष फारसा नव्हता.

म्हणून मैत्रिणींनो, साथीत नियम पाळूया, पण तो कशासाठी आहे हेही विचारूया. मटण-मासळीची पिशवी वेगळी ठेवूया. बाकीच्या साबणानं धुऊन उन्हात वाळवूया. कापडी पिशवी धुता येते, हाच तर तिचा मोठा गुण.