उच्चफेरी इंजिनबांधणी

शर्यतीच्या किंवा वेगवान मोटारीचे इंजिन मिनिटाला आठ-नऊ हजार फेऱ्यांवर टिकावे आणि त्याच पट्ट्यात त्याने जोर द्यावा, यासाठी केलेली भागांची निवड व जुळणी. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. इंजिनाची क्षमता नियमाने बांधलेली असली आणि टर्बोला मज्जाव असला, की टॉर्क फारसा वाढत नाही. उरतात त्या फेऱ्या. कमाल फेऱ्या आधी ठरवायच्या आणि मग सामान घ्यायचे, हा योग्य क्रम. प्रत्यक्षात बहुधा रेसिंग कॅम आधी येतो आणि बाकीचा हिशेब नंतर सुचतो.

पहिला निर्णय बोअर-स्ट्रोकचा. भारतीय रॅलींत गाजलेल्या मारुतीच्या दोन गाड्या पाहाव्यात. १.३ लिटर एस्टीमचा बोअर ७४ व स्ट्रोक ७५.५ मिमी, तर १.६ लिटर बलेनोचा ७५ व ९० मिमी. ८,००० फेऱ्यांना एस्टीमच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटर होतो, बलेनोचा २४. होंडा एस२०००चे दोन लिटरचे इंजिन ९,००० फेऱ्यांना २५ मीटरपर्यंत जाते. फॉर्म्युला वनची २.४ लिटरची व्ही-८ इंजिने १८,००० फेऱ्या घेत, पण त्यांचा स्ट्रोक जेमतेम ४० मिमी असल्याने वेग २४ मीटरच. फेऱ्या दुप्पट झाल्या तरी पिस्टनचा वेग त्याच घरात राहतो. भागांवरचे जडत्वाचे बल मात्र फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. त्याच इंजिनात सहाचे नऊ हजार केले, की ते सव्वादोन पट होते.

महाराष्ट्रातले जवळचे उदाहरण चाकणचे. बजाजच्या तिथल्या कारखान्यात तयार झालेले, २०१३ साली बाजारात आलेल्या केटीएम ३९० ड्यूकचे ३७३ घनसेंमी इंजिन देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या अनेक संघांनी आपल्या फॉर्म्युला स्टुडंट मोटारींत बसवले. बोअर ८९, स्ट्रोक फक्त ६० मिमी. फोर्ज्ड पिस्टन, निकासिलचा मुलामा दिलेला सिलिंडर, दोन कॅमशाफ्ट आणि ९,००० फेऱ्यांच्या आसपास सुमारे ४३ अश्वशक्ती. स्पर्धेच्या नियमाने पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिमी व्यासाच्या भोकातून घ्यावी लागते. तिथे हवेने ध्वनीचा वेग गाठला, की सेकंदाला साधारण ७४ ग्रॅमपलीकडे हवा जात नाही. चार सिलिंडरच्या ६०० घनसेंमी इंजिनाला ही भिंत बारा हजारांच्या पुढे लागते, म्हणून त्यापुढे फेऱ्या वाढवण्यात अर्थ राहत नाही. चाकणच्या इंजिनाची सरासरी गरज ३३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कागदावर चैन. पण एकच सिलिंडर. तो चक्राच्या चौथ्या हिश्शातच हवा ओढतो आणि तेवढ्यापुरती मागणी १३० ग्रॅमवर जाते. त्यामुळे भोक आणि हेड यांच्यामध्ये हवेची प्रशस्त टाकी ठेवावी लागते. ती फार मोठी केली, तर अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर विचार करत बसते.

फेऱ्यांची खरी कमाई हेडमध्ये होते. जास्त वेळ वाल्व्ह उघडा ठेवणारा कॅम वरच्या पट्ट्यात श्वास मोकळा करतो, पण आयडलिंग बिघडवतो आणि खालचा जोर खातो. त्याच्या जोडीला कॉम्प्रेशन वाढवावे लागते. स्प्रिंग कमजोर पडली, तर वाल्व्ह कॅमच्या मागे राहतो आणि पिस्टनला जाऊन लागतो. फार कडक घेतली, तर कॅम झिजतो. जाणता मिस्त्री पिस्टनच्या माथ्यावर मऊ मातीची चकती ठेवून हेड कसतो, क्रँक हाताने दोन फेरे फिरवतो, पुन्हा खोलतो आणि वाल्व्हचा ठसा कापून उरलेली जाडी मोजतो. पोर्ट नुसते मोठे करणे हा मात्र सर्वांत महाग गैरसमज आहे. हवेचा वेग पडला, की खालचा पट्टा गेलाच.

खालच्या बाजूला फोर्ज्ड कनेक्टिंग रॉड, एकसारख्या वजनाचे पिस्टन आणि बॅलन्स केलेला क्रँक लागतो. कमी सिलिकॉनच्या फोर्ज्ड मिश्रधातूचा पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून क्लिअरन्स वाढवून ठेवतात. थंड असताना तो खडखडतो, त्यात बिघाड नाही. जपायचे ते रॉडच्या बोल्टला. चांगल्या बांधणीत तो किती कसला यापेक्षा किती ताणला गेला, ते मोजतात. लांब वळणात तेल एका कडेला सरकून पंप कोरडा पडू नये, म्हणून संपमध्ये आडव्या पट्ट्या घालतात.

रस्त्यावरच्या गाडीला यातले फार थोडे उपयोगाचे. आरोंद्याहून सावंतवाडीमार्गे आंबोली घाट चढणाऱ्याला अडीच-तीन हजारांवरचा टॉर्क हवा असतो. तिथे असे इंजिन सतत खालच्या गिअरमध्ये ताणावे लागते.

कमाल फेऱ्या ठरवताना वर पाचशे ते हजारांची सवड ठेवतात. लिमिटर इंधन किंवा ठिणगी तोडू शकतो. पण चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला आणि चाकांनीच क्रँक फिरवला, तर त्याचे काही चालत नाही.